प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताय? एप्रिलच्या दुपारीही टिकेल असं सेटिंग शोधा

पहिला पीसी जुळवून महिना-दोन महिने झाले की हाताला खाज सुटते. प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा अजून किती पळतो ते बघायचं असतं, त्यालाच ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. यूट्यूबवर कुणीतरी पाच गीगाहर्ट्झ दाखवलेलं असतं. त्याचेच आकडे जसेच्या तसे बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडता येणारं मदरबोर्डचं सेटिंग) टाकले जातात, विंडोज सुरू होतं आणि मित्रांच्या ग्रुपवर फोटो पडतो: "भावा, पाचला बूट झालं की!"

बूट झालं म्हंजे चाललं न्हवं. असे फोटो बहुधा पावसाळ्यात पडतात. खोलीत २५-२६ अंश असताना सगळंच चालतं. तेच सेटिंग ठेवून एप्रिलमध्ये दुपारी तीनला पत्र्याखालच्या खोलीत व्हिडिओ रेंडरला लावा, मग खरं काय ते कळेल. आपल्याला त्या दुपारी टिकणारं सेटिंग हवंय.

आधी मशीन बघा

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' असलेला प्रोसेसर लागतो आणि बोर्डही झेड मालिकेचा, म्हणजे झेड ६९० किंवा झेड ७९० सारखा. बी ६६० किंवा बी ७६० बोर्डवर रॅमचा वेग वाढवता येतो, पण प्रोसेसरचा वेग ठरवणारा आकडा, म्हणजे मल्टिप्लायर, हलत नाही. दुकानदाराने 'के' प्रोसेसर आणि बी बोर्ड अशी जोडी गळ्यात मारली असेल, तर हा लेख वाचून फक्त चिडचिड होईल. एएमडी रायझनमध्ये जवळपास सगळे प्रोसेसर उघडे असतात. बी आणि एक्स मालिकेचे बोर्ड चालतात, ए मालिकेचे (ए ५२०, ए ६२०) चालत नाहीत. ५८००एक्स३डीचा मल्टिप्लायर कंपनीनेच बंद ठेवलाय, त्याच्या वाटेला जाऊ नका.

प्रोसेसरबरोबर डब्यात फुकट आलेल्या कूलरवर ओव्हरक्लॉक करायचा विचार सोडा. दोन पंख्यांचा चांगला टॉवर कूलर किंवा २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर एवढं तरी पाहिजे. बोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी वीज नियंत्रित करणारे भाग असतात, त्यांना व्हीआरएम म्हणतात. त्यांच्यावर धातूचा हीटसिंक आहे का तेही बघा. उघडे व्हीआरएम असलेल्या स्वस्त बोर्डवर प्रोसेसर थंड राहतो आणि बोर्ड मात्र तापून वेग खाली ओढतो. मग माणूस प्रोसेसरला शिव्या घालत बसतो.

आणि या मशीनवर पोट असेल तर ओव्हरक्लॉक करूच नका, असं मी सरळ सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात डायचा (साच्याचा) टूलपाथ, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचा मार्ग, काढणारा किंवा हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांची थ्रीडी डिझाइन करणारा माणूस यात काय कमावणार? अस्थिर प्रोसेसर दरवेळी बंद पडून इशारा देईलच असं नाही. तो एखादा हिशेब चुकवून गुपचूप पुढेही जातो. गेममध्ये त्यामुळे फार तर एखादा त्रिकोण वाकडा दिसेल. टूलपाथमध्ये अख्खा ठोकळा वाया जातो.

नेमकं काय वाढवतोय

प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ असतो, त्याला हात लावायचा नाही. मल्टिप्लायर ४५ असेल तर वेग ४.५ गीगाहर्ट्झ, ५० केला तर ५.०. वेग वाढला की ठरलेल्या वेळेत शून्य-एकचा खेळ पुरा करायला ट्रान्झिस्टरना जास्त व्होल्टेज लागतं. ते व्होल्टेज म्हणजे व्हीकोर.

खरी गोम इथेच आहे. विजेचा खप वेगाच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४.५ गीगाहर्ट्झ १.२० व्होल्टवर चालत असेल आणि तुम्ही ५.० गीगाहर्ट्झ १.३० व्होल्टवर नेलं, तर वेग वाढतो ११ टक्के आणि खप साधारण ३० टक्के. १५० वॉट खाणारा प्रोसेसर १९५ वॉटच्या घरात जातो आणि ती सगळी उष्णता तुमच्याच खोलीत सुटते. म्हणून शेवटचे १०० मेगाहर्ट्झ कायम सगळ्यात महाग पडतात.

एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर सारखे निघत नाहीत. एक १.२२ व्होल्टवर जे करतो, त्यासाठी दुसऱ्याला १.३० लागतात. दुसऱ्याचे आकडे उचलायचे नाहीत ते यासाठीच.

बायोस उघडण्याआधीची कामं

महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप घ्या. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, कारण बायोस रीसेट केल्यावर विंडोज ती की मागू शकतं. बोर्डच्या पुस्तिकेत सीमॉस क्लिअर करायचा, म्हणजे बायोसचं सेटिंग पुसून मूळ करायचा, जंपर कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा. स्क्रीन काळी झाल्यावर पीडीएफ कुठे शोधणार? जंपर नसेल तर वीज पूर्ण बंद करून सीआर २०३२ सेल काही मिनिटं काढून ठेवला तरी चालतं.

बायोस नवीनतम करून घ्या. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीवाल्यांनी तर हे टाळूच नये. या पिढ्यांमधल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना जास्त व्होल्टेज मिळत राहिल्याने कायमची अस्थिरता येत होती. २०२४ मध्ये इंटेलने हे मान्य केलं, ऑगस्टपासून दुरुस्तीचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) दिले आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. हा मायक्रोकोड बायोस अपडेटमधूनच येतो. अपडेट चालू असताना महावितरणने दगा दिला तर बोर्ड गेला समजा, तेव्हा यूपीएस असल्याशिवाय ते काम काढू नका. वळवाच्या संध्याकाळी तर नकोच.

अर्थिंगही तपासून घ्या. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलंय. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत हे सर्रास दिसतं. वायरमनला बोलवा, ओव्हरक्लॉकिंग नंतर.

दोन-तीन सॉफ्टवेअर लागतात आणि ती फुकट मिळतात. तापमान, व्होल्टेज, वॉट बघायला एचडब्ल्यूइन्फो. झटपट चाचणीला सिनेबेंच आर२३. कसून चाचणीला प्राइम९५ किंवा ओसीसीटी. प्राइम९५ मुळात मर्सेन अविभाज्य संख्या शोधणाऱ्या प्रकल्पासाठी लिहिलेलं. त्यात एक चूक झाली की पुढचा सगळा हिशेब बाद, म्हणून प्रत्येक पायरीला उत्तर तपासायची सोय त्यात आहे. आपल्याला नेमकी तीच हवी.

शिवाय एक वही आणि खोलीत टांगायला एक साधा थर्मामीटर.

पहिली नोंद: काहीही न बदलता

बायोस मूळ सेटिंगवर आणा. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग, सध्या बंद ठेवा. ते चालू करणं हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे. दोन्ही एकदम केलंत तर बिघाड प्रोसेसरचा की रॅमचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

आता सिनेबेंच दहा मिनिटं चालवा आणि गुण, सर्वाधिक तापमान, लोडखालचं व्हीकोर, वॉट आणि खोलीचं तापमान वहीत लिहा. खोलीचं तापमान न लिहिता केलेली नोंद काही महिन्यांनी कुचकामी ठरते. कारण तेवढ्याच वॉटला, तेवढ्याच पंख्याला प्रोसेसर खोलीपेक्षा जितका गरम असतो, तो फरक जवळपास कायम राहतो. जुलैत खोली २६ अंश आणि प्रोसेसर ८४, म्हणजे फरक ५८. एप्रिलमध्ये खोली ३७ झाली की तोच प्रोसेसर ९५ वर. बाराव्या पिढीच्या इंटेलची हद्द १०० अंश, रायझन ५००० ची ९० ते ९५, रायझन ७००० ची ८९ ते ९५. हद्दीला टेकला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे केलेला सगळा उद्योग पाण्यात.

मूळ सेटिंगवरच ९० च्या वर जात असेल तर आधी कूलरखालची थर्मल पेस्ट बदला, कूलर नीट बसलाय का बघा, जाळीवरची धूळ काढा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीजवळ राहत असाल तर ही धूळ साधी नसते, त्यात लोखंडाची भुकटीही असते. पुढच्या पंख्याला फिल्टर लावाच.

चढण

उदाहरणाला बाराव्या पिढीचा कोर आय५ १२६००के घेऊ. कोर म्हणजे प्रोसेसरमधला हिशेब करणारा एकेक भाग; यात जड कामाचे मोठे आणि हलक्या कामाचे छोटे असे दोन प्रकार आहेत. सगळे मोठे कोर एकदम कामाला लागले की तो ४.५ गीगाहर्ट्झवर चालतो. छोट्या कोरना सध्या हात लावू नका.

बायोसमध्ये सगळ्या मोठ्या कोरचा मल्टिप्लायर एकत्र बदलायचा पर्याय निवडा. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका. ऑटोवर बोर्ड स्वतःची कातडी वाचवायला भरमसाट व्होल्टेज देतो. सुरुवातीला ठरावीक व्होल्टेज द्या, उदाहरणार्थ १.२२. मग मल्टिप्लायर एकेकाने वाढवायचा, विंडोजमध्ये यायचं, सिनेबेंच दहा मिनिटं, नोंद, परत बायोस. कंटाळवाणं आहे खरं. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडला की पुढची सगळी संध्याकाळ अंदाजपंचे जाते.

वही साधारण अशी दिसायला लागते:

४७ – १.२२ – सिनेबेंच ठीक – ७८° – खोली ३४°
४८ – १.२२ – सिनेबेंच ठीक – ८०° – खोली ३४°
४९ – १.२२ – सिनेबेंच ठीक, पण प्राइममध्ये सहाव्या मिनिटाला एक वर्कर थांबला
४९ – १.२५ – प्राइम एक तास ठीक – ८८° – खोली ३४°
५० – १.२५ – विंडोजच्या लोगोवर हँग
५० – १.३० – प्राइम वीस मिनिटं ठीक – ९७° – खोली ३३°

तिसरी ओळ परत वाचा. वर्कर म्हणजे प्राइमने एकेका कोरवर लावलेलं काम, हिशेब चुकला की ते थांबतं. सिनेबेंच पास, प्राइम नापास. ग्रुपवर पडणारे बहुतेक फोटो या ओळीवरचे असतात. आणि शेवटची ओळ म्हणजे भिंत. प्रोसेसर पाचला चालतोय, पण ३३ अंशाच्या खोलीत ९७ वर. उन्हाळ्यात तो टिकणार नाही हे कळायला उन्हाळ्याची वाट बघायची गरज नाही.

व्होल्टेज वाढवताना ०.०१ ते ०.०२ च्या पायरीने वाढवा. या पिढीवर लोडखाली १.३५ च्या वर मी स्वतः जात नाही. त्याच्या बऱ्याच आधी आपल्याकडची हवाच थांबवते.

लोडलाइन कॅलिब्रेशनचा घोळ

बायोसमध्ये १.२५ दिलेत आणि लोडखाली एचडब्ल्यूइन्फो १.१९ दाखवतंय, तर बोर्ड खराब नाही. लोड आल्यावर व्होल्टेज थोडं खाली बसणं मुद्दाम ठेवलेलं असतं. लोडलाइन कॅलिब्रेशन, म्हणजे एलएलसी, हे बसणं कमी करतं. नवखा माणूस इथे सगळ्यात कडक पातळी निवडतो आणि खूश होतो. मग लोड अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्यापेक्षा वर उसळतं. ही उसळी इतका थोडा वेळ असते की सॉफ्टवेअरला दिसतही नाही. मधली पातळी ठेवा.

आणि आकड्यांना फसू नका: असूसच्या बोर्डवर मोठा आकडा म्हणजे कडक पातळी, एमएसआय आणि एएसरॉकवर लहान आकडा म्हणजे कडक. गिगाबाइट शब्दच वापरते. एकाचा सल्ला दुसऱ्याच्या बोर्डवर उलटा पडतो तो असा. वहीत व्होल्टेज लिहाल ते लोडखाली दिसणारं लिहा, बायोसमध्ये टाकलेलं त्याच्या शेजारी.

खरी परीक्षा

दहा मिनिटांच्या चाचण्या फक्त चाळणीसाठी. उद्यमनगरात रिवाइंड केलेली मोटर नुसती गरगर फिरवून गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत, लोडवर तापू देतात. इथेही तेच.

प्राइम९५ मध्ये 'स्मॉल एफएफटी' हा प्रकार प्रोसेसरला सगळ्यात जास्त तापवतो, एव्हीएक्स (एकदम बरेच आकडे हाताळणाऱ्या प्रोसेसरच्या खास आज्ञा) चालू असेल तर जरा अतीच. नुसते गेम खेळत असाल तर एव्हीएक्स बंद ठेवून चाचणी घेतली तरी चालेल, असं बरेच जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर आणि व्हिडिओ एन्कोडिंग एव्हीएक्स वापरतात. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याने ही पळवाट घेऊ नये. फार तापत असेल तर बायोसमध्ये एव्हीएक्स ऑफसेट आहे का बघा. तो असला की एव्हीएक्सचं काम आल्यावर मल्टिप्लायर एक-दोनने खाली येतो.

'रात्रभर लावून झोपा' हा सल्ला सगळीकडे मिळतो. त्यात तासांची भरती होते हे खरं, पण आपल्याकडे रात्र हीच सगळ्यात थंड वेळ. म्हणून मी दोन भाग करतो. रात्री ओसीसीटी किंवा प्राइमचं 'ब्लेंड' सहा-आठ तास, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ते चार, खिडकी रोज असते तशी ठेवून, स्मॉल एफएफटी. या दुपारच्या फेरीला तापमान हद्दीपासून निदान आठ-दहा अंश खाली राहिलं पाहिजे. रोज एसी लावणार नसाल तर एसी लावून घेतलेली चाचणी धरू नका.

चाचणी चालू असताना एकदा व्हीआरएमचं तापमानही बघा. १०० च्या पुढे जात असेल तर कॅबिनेटमध्ये हवा फिरत नाहीये.

पडलं, तर कुठे पडलं

विंडोज सुरू व्हायच्या आधीच हँग किंवा लोगोवर अडकलं: व्होल्टेज बरंच कमी आहे. निळ्या स्क्रीनवर 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' किंवा 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' आलं: बहुतेक वेळा व्हीकोर थोडंसं कमी पडतंय. प्राइमचा एकच वर्कर थांबला, बाकी चालू: तो कोर बाकीच्यांपेक्षा कच्चा आहे. थोडं व्होल्टेज किंवा एक पायरी खाली. गेम तेवढा बंद पडतो, बाकी सगळं ठीक: प्रोसेसरला दोष देण्याआधी ग्राफिक्स ड्रायव्हर आणि रॅम तपासा.

काहीच पडलं नाही तरी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि सिस्टम लॉगमध्ये 'व्हिया लॉगर'च्या (हार्डवेअरच्या चुका टिपणारा विंडोजचा भाग) नोंदी शोधा. प्रोसेसरने चूक केली, स्वतःच दुरुस्त केली आणि तुम्हाला काही कळलंच नाही, असं तिथे दिसतं. अशी एक जरी नोंद असेल तर सेटिंग स्थिर नाही, मग प्राइम बारा तास चालू राहिलेलं असो.

फसवा प्रकार म्हणजे लोडवर टणटणीत आणि रिकामा असताना बंद. रेंडर पूर्ण होतं, नंतर ब्राउझर उघडून बसलात की मशीन आपोआप रीस्टार्ट. व्होल्टेज ठरावीक न ठेवता ऋण ऑफसेट, म्हणजे मूळ व्होल्टेजमधून ठरलेली वजाबाकी, दिला असेल तर हे हमखास होतं. कमी लोडवर व्होल्टेज आधीच खाली आलेलं असतं, त्यातून आणखी वजा होतं. म्हणून शेवटच्या चाचणीत दोन-तीन दिवस नेहमीचा वापरही धरायचा: स्लीपमध्ये घालून उठवणं, गाणी लावून ठेवणं, पूर्ण बंद करून सकाळी थंड मशीन चालू करणं.

रॅम शेवटी

प्रोसेसरचं सेटिंग पक्कं झालं की बायोसमध्ये प्रोफाइल सेव्ह करा आणि मगच एक्सएमपी चालू करा. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून लावा. एकही चूक चालत नाही. बिघडलेली रॅम विंडोजच्या फायली हळूहळू खराब करते आणि ते फार उशिरा लक्षात येतं. रायझन ७००० वाल्यांनी एक्सपो चालू केल्यावर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं) १.३ च्या आत आहे ना, तेवढं बघावं. २०२३ मध्ये काही प्रोसेसर जळाल्यानंतर बायोस अपडेटमधून ही मर्यादा घातली गेली.

रायझनवाल्यांसाठी वेगळी वाट

रायझन ५००० आणि त्यानंतरच्या प्रोसेसरवर सगळ्या कोरना एकच वेग ठोकून देण्यात फारसा अर्थ नाही. एक-दोन कोरवर प्रोसेसर स्वतःच जितका वर जातो, तितकंसुद्धा मग मिळत नाही. त्याऐवजी पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, प्रोसेसरला स्वतःच जास्त वर जाऊ देणारं बायोसमधलं सेटिंग) चालू करून कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा. यात प्रत्येक वेगाला लागणारं व्होल्टेज थोडं कमी करता येतं. एक अंक म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. सगळ्या कोरना उणे १० पासून सुरुवात करा, मग १५, मग २०. व्होल्टेज कमी, उष्णता कमी, त्यामुळे प्रोसेसर आपसूक जास्त वर जातो. आपल्या हवेत माझं मत याच्याच बाजूने आहे. इंटेलवाल्यांनीही पाचचा हट्ट सोडून मूळ वेगावर व्होल्टेज उतरवून बघावं, पंख्याचा आवाज कमी होतो आणि मे महिनाही निभतो.

फक्त इथे चाचणी वेगळी. सगळ्या कोरवर लोड टाकला तर कर्व्हची चूक सापडत नाही, कारण त्या वेळी कुठलाच कोर शिखरावर नसतो. कोरसायक्लर नावाची स्क्रिप्ट एकेका कोरवर आळीपाळीने प्राइम चालवते आणि पडला तर कोणता कोर ते सांगते. त्या एकट्याला उणे २० वरून उणे १४-१५ वर आणा, बाकीचे तसेच ठेवा. बहुधा सगळ्यात वेगवान ठरवलेले कोरच सगळ्यात आधी कुरकुर करतात.

हातचा राखून

वरच्या वहीत ४९ ला १.२५ पास झालं होतं. तेच कायमचं ठेवायचं का? मी ४८ वर येऊन १.२५ तसंच ठेवीन, किंवा ४९ हवंच असेल तर १.२७ देईन, तेही दुपारच्या फेरीत तापमान आठ-दहा अंश खाली राहिलं तरच. १०० मेगाहर्ट्झ म्हणजे दोन टक्के. गेममध्ये ते डोळ्याला दिसत नाहीत.

प्रोसेसर वर्षानुवर्षं जास्त व्होल्टेजवर चालला की हळूहळू झिजतो, त्याच वेगाला आणखी व्होल्टेज मागतो. वर्ष-दोन वर्षं नीट चाललेलं मशीन विनाकारण पडायला लागलं तर आधी धूळ आणि पेस्ट बघा, मग मूळ सेटिंगवर आणून चार दिवस वापरा. मूळ सेटिंगवर नीट चालत असेल तर मल्टिप्लायर एकने उतरवा, व्होल्टेज वाढवत बसू नका. आणि मूळ सेटिंगवरही पडत असेल तर दुकानात न्यायची वेळ आली. ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, तेव्हा बिल खिशातून भरायची तयारी ठेवूनच जा.